हळू बोल, मासोळी ऐकते

मलकापूर

बुलडाणा जिल्ह्यात जाऊन आलो म्हटलं की लोक दोनच ठिकाणांबद्दल विचारतात, शेगाव आणि लोणार. मी या दोन्ही ठिकाणी गेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा हिरमोड नको. मी गेलो होतो एका पाझर तलावावर, गळाला गांडुळं लावून चिलापी पकडायला. निघताना बायको म्हणाली, "मासे काय नाशकात मिळत नाहीत?" मिळतात की. पण नाशकातल्या माशांबरोबर दाजी मिळत नाहीत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्यापासून थोडं आत, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव आहे. वावरात वांगी, टमाटे, मिरची, सांभार पिकवायचा आणि आठवडी बाजारात स्वतः बसून विकायचा, हा त्यांचा जन्माचा उद्योग. (सांभार म्हणजे कोथिंबीर. नाशकात मागितला तर सोबत इडली येते.) आमचं मूळ घर मलकापूरचं, मी नोकरीपायी नाशिकला गेलो आणि तिथलाच झालो. अक्का मात्र मलकापुरातून उठली ती तासाभराच्या अंतरावर जाऊन बसली, आणि तिला मी कायमच परदेशी गेल्यासारखा वाटत आलो आहे.

पावसाळ्यापासून दाजींचा घसा बसला होता. आधी काढा झाला, मग गुळण्या झाल्या, मग गावातला डॉक्टर, मग मोठ्या शहरातला मोठा दवाखाना. तिथं तुकडा काढून तपासला आणि सांगितलं की घशातली आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. अक्काचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, भराभरा बोलत होती. तिची मुलगी वर्षा पुण्यात असते, तिला सातवा महिना लागलेला. वर्षाचं एकच मागणं होतं, बाबांचा आवाज फोनमध्ये भरून ठेवा, माझ्या बाळाला ऐकवायला. गोष्ट सांगा, गाणं म्हणा, नुसती हाक मारा, पण काहीतरी ठेवा. आणि दाजी फोन समोर धरला की तोंड मिटून घेत होते.

"तुह्यं आयकतेत ते," अक्का म्हणाली. "तू ये अन् बोलतं कर त्याइले. ऑपरेशनच्या आंधी ये."

त्या कामगिरीवर मी निघालो होतो. मलकापूर स्टेशनबाहेर पहाटेच्या थंडीत कचोरी आणि तळलेली मिरची खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते मिरचीचंच आहे असं स्वतःला सांगून मोताळ्याच्या एसटीत बसलो. दोन्हीकडे कपाशीचा शेवटचा वेचा चालला होता.

गाव

दाजी ओट्यावर बसले होते. मला पाहून त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "काऊन बे साळेबुवा, वाळला काय? जेऊ घालत नाई काय आमची वयनी?"

शब्द सगळे दाजींचे होते. आवाज कुणाचा होता कोण जाणे. फाटलेल्या भोंग्यातून यावा तसा खरखरत, तुटत, मधेच नुसती हवा होऊन जात. मी हसलो, कारण हसायचंच असतं. मग बॅग आत ठेवायचं निमित्त करून माजघरात जाऊन उभा राहिलो.

तुम्ही दाजींना ऐकलेलं नाही, म्हणून सांगतो. त्यांचा आवाज म्हणजे चीज होती. धामणगावच्या बाजारात एस.टी. स्टँडवर उतरलं की आधी ती हाक यायची, "या होऽऽ माय, लाऽऽल टमाटे!" आणि मग बाजार दिसायचा. माझ्या लग्नात बँडवाला आला नाही तेव्हा वरात दाजींच्या आवाजावर निघाली. आमच्या सासुरवाडीचे लोक अजून त्याबद्दल विचारतात.

आमच्याकडे नाशकात आजाऱ्याला भेटायला जाताना लोक आधी फोन करतात आणि पाच मिनिटांत उठतात. इथे तसं नाही. येणारा फाटक ढकलून थेट येतो, बिस्किटाचा पुडा नाहीतर डझनभर केळी ठेवतो, चहा घेतो आणि निवांत बसतो. त्या दिवशी येणारा प्रत्येक जण जाताना एकच म्हणत होता, "बोला ना दाजी काई. पुन्हा कधी आयकाले भेटते." प्रेमानंच म्हणत होते. पण दर वेळी दाजी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे बघायचे.

रात्री अक्कानं कळण्याची भाकर आणि भरली वांगी केली होती. कळण्याची भाकर म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची. ताटात तेल आणि ठेचा घेतला की दुसरं काही लागत नाही. जेवण झाल्यावर मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "दाजी, वर्षाचं एवढं म्हणणं आहे तर..."

"हा आवाज माह्या नाई," दाजी म्हणाले. बोलायला त्यांना जोर लावावा लागत होता. "लेकरानं जन्मभर हाच आयकावा? म्हणीन, माह्या आबा असा होता, कावळ्यावानी. त्याच्यापरीस नाई आयकलं ते बरं."

जुना आवाज कुठे सापडतो का, म्हणून अक्कानं सगळं धुंडाळून झालं होतं. वर्षाच्या लग्नाच्या व्हिडिओत दाजी चार ठिकाणी दिसतात, आणि चारही ठिकाणी मागे डीजे चालू आहे.

बाजार

दुसऱ्या दिवशी धामणगावचा बाजार होता. अक्का नको म्हणत असताना दाजी माल घेऊन निघाले आणि मीही त्यांच्या गाडीवर मागे बसलो. त्यांच्या शेजारची जागा शकुनाबाईंची. त्याही घरचाच भाजीपाला, दोडकी आणि मेथी विकतात. वर्षानुवर्षं दोघं शेजारी बसून एकमेकांवर ओरडत आले होते.

दाजींनी टमाट्याचे ढीग लावले आणि गप्प बसले. मग शकुनाबाईंनी घसा खाकरला आणि हाक दिली, "घ्या होऽऽ मेथी, ताजी मेथी!" आणि तसाच श्वास न सोडता, "अन् या होऽऽ माय, लाऽऽल टमाटे!" अगदी दाजींच्या चालीवर. पलीकडचा कांदेवाला हसला नाही. पुढच्या वेळी टमाट्याची हाक त्यानं दिली. मग लसूणवालीनं दिली. दिवसभर त्या ओळीत दाजींच्या मालाची हाक फिरत राहिली, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. दाजी खाली मान घालून तागडी धरत होते. मी पैसे घ्यायचं काम करत होतो आणि त्यात दोनदा चुकलो, कारण नीट दिसत नव्हतं.

परतताना दाजी एवढंच बोलले, "उद्या तलावावर चाल. घरी लोकं येऊन राह्यले. तिथं कोनी बोल म्हणत नाई."

तलाव

गांडुळं कुठली घ्यायची याचंही शास्त्र आहे. शेणखताच्या उकिरड्यातली लाल, बारीक, चपळ अशी हवीत. मोरीच्या पाण्यावरची जाडजूड असतात, पण गळाला लावल्यावर मेल्यासारखी पडून राहतात. सकाळी दाजींनी उकिरडा उकरून मूठभर गांडुळं काढली आणि ओल्या मातीसकट नारळाच्या करवंटीत ठेवली. अक्का दारातच तोंड फिरवून उभी होती. तिच्या गळ्यात माळ आहे. घरात मासळी येत नाही, आणि दाजींनी ती कधी आणलीही नाही. पकडायची तलावावर, भाजायची तलावावर, खायची तलावावर, आणि अंघोळ करून घरी यायचं, असा त्यांचा संसाराचा करार आहे. तवा आणि भगोणंसुद्धा तलावावरच्या खोपडीत, म्हणजे झोपडीत, ठेवलेलं असतं. आमच्या घरी एका फ्रीजमध्ये दही आणि बोंबील शेजारी राहतात. तरी आमच्यात भांडणं जास्त होतात.

जाताना वाटेत कुणी "कुठं चालले?" विचारू नये म्हणून दाजी वावरातून आडवे गेले. विचारलं की मासा लागत नाही म्हणे. तुरीला शेंगा भरल्या होत्या. तुरीच्या ओळी संपल्या आणि समोर पाणी आलं. मोठं काही नाही, दोन टेकड्यांच्या मधे बांध घालून अडवलेलं. पलीकडे डोंगर धुक्यात अर्धा होता. काठावर बगळे उभे होते आणि पाण्यातून वाफ निघत होती.

दाजींची सामग्री बघून नाशकातले गंगापूर धरणावर रीळवाल्या काठ्या घेऊन बसणारे हौशी लोक हसतील. अंगठ्याएवढ्या जाडीची बांबूची काठी, टोकाकडे लवलवणारी. तिला काठीएवढाच लांब तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. त्यावर मोरपिसाची दांडी कापून बांधलेली, ती पाण्यावर उभी तरंगते. तिच्याखाली एक शिशाचा दाणा आणि सगळ्यात बारीक नंबरचा गळ. चिलापीचं तोंड लहान असतं, मोठा गळ ती नुसता चाखून सोडून देते. गांडूळही अख्खं लावायचं नाही. अर्धंच ओवायचं आणि शेपटी मोकळी ठेवायची, वळवळायला.

मी पहिल्याच फेकीला मागच्या बाभळीत गळ अडकवला. दुसऱ्या वेळी स्वतःच्या बाहीत. "अरे काय हे!" असं मी मोठ्यानं म्हणालो, तेव्हा दाजींनी ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "हळू बोल. मासोळी आयकते."

हा त्यांचा जुना नियम. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला इथे आणलं होतं तेव्हाही हेच सांगितलं होतं. गावात ज्याचा आवाज वेशीबाहेर जायचा, तो माणूस पाण्याच्या काठी आला की कुजबुजीशिवाय बोलायचा नाही. मासे खरंच ऐकतात का मला माहीत नाही. पण तिथे बसलं की आपणही आपोआप तसंच बोलायला लागतो.

मोरपीस दोनदा डुललं आणि तिरकं सरकलं. दाजींनी मनगट नुसतं वळवलं आणि हाताच्या पंजाएवढी चिलापी उन्हात फडफडत वर आली, राखी अंगावर काळसर पट्टे. मग थोड्या वेळानं माझीही आली. कौतुकानं मूठ मारून धरायला गेलो तर तिनं पाठीवरचा काटा उभा केला आणि माझ्या तळव्यातून रक्त काढलं. दाजी पोट धरून हसायला लागले, तेही आवाज न करता. आणि मग कुजबुजत सांगायला लागले, एकदा एक कासव गळाला लागलं होतं आणि ते भूत आहे असं समजून त्यांचा चुलतभाऊ धोतर टाकून कसा पळाला. सांगताना ते चुलतभावाच्या सुरात बोलत होते, बायकांच्या सुरात बोलत होते, मधेच थांबून पुढचं वाक्य हळूच सोडत होते. मी हसत होतो. काट्याची जखम विसरलो होतो, दवाखाना विसरलो होतो.

आणि एकदम माझ्या लक्षात आलं.

"दाजी," मी म्हटलं, "तुमचा आवाज."

"काय झालं?"

"हाच तुमचा आवाज. कुजबुजताना काही बिघडलेलं नाही. अगदी पहिल्यासारखा आहे."

मग त्यांनी मोठ्यानं "या हो माय" म्हणून पाहिलं. ती खरखर. मग तेच कुजबुजून म्हटलं, "या हो माय." स्वच्छ, गोल, दाजींचं. पुन्हा म्हटलं. मग माझं नाव घेतलं, वर्षाचं घेतलं, तलावाकडे तोंड करून काहीबाही बोलत राहिले. मोरपीस बुडालं होतं, काठी पाण्यात ओढली जात होती, तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

"मंग हे कायले जाईन?" ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "पेटी काढतीन त पेटीतलं जाईन. हे त पेटीतलं नाईच. हे जिभेचं हाय, व्हटाचं हाय. हे त राहीन!"

"राहणारच," मी म्हटलं. मला ते इतकं पटलं की काय सांगू. कुजबुजताना गळ्यावर हात ठेवून पाहिला, गळा थरथरत नव्हता. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा? दोन शहाणी माणसं तलावाच्या काठी बसून आपापले गळे चाचपत होती आणि एकमेकांना पुरावे देत होती.

मी खिशातून फोन काढला. "आता बोला. याच आवाजात बोला, बाळासाठी. मी भरून घेतो."

दाजींनी माझा हात खाली केला. "ठेव तो डबा. आता फोनात कायले? मी सोता सांगीन त्याच्या कानात. लेकरू काय वेशीबाहेर राह्यते, हाक माराले? मांडीवर त राह्यते." मग म्हणाले, "पहिलं हेच सांगीन, बाबू म्हणा का बाई म्हणा, गांडूय अख्खं लावू नोको."

मी फोन खिशात ठेवला. आनंदानं ठेवला.

दुपारी अक्का भाकरी घेऊन आली. नेहमीप्रमाणे लांब लिंबाखाली, आमच्याकडे पाठ करून बसली. मी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून तव्यावर तेल, लसूण आणि तिखट टाकत होतो. दाजींनी हात माती लावून धुतले, तिच्याकडे गेले आणि तिच्या डोक्यावरचा पदर जरा सारून कानात काहीतरी बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही. अक्का ताडकन वळली. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"अवो, हे त जसंच्या तसं हाय!" ती म्हणाली. मग रडायला लागली. फोनवर रडली नव्हती ते सगळं तिथे रडली. मी तिला जिभेचं आणि ओठाचं शास्त्र समजावून सांगितलं. तिनं माझ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं की शाळेत पहिला आलो तेव्हाही पाहिलं नसेल. आणि मग, जन्मात पहिल्यांदा, तिनं तव्याकडे मान वळवून विचारलं, "किती सापडल्या?"

इतकी चवदार मासळी मी कुठेच खाल्लेली नाही. काट्यांना चिकटलेलं मांससुद्धा सोडलं नाही. घरी गेल्यावर अक्कानं वर्षाला फोन लावला आणि सांगितलं, काळजी करू नको, तुझे बाबा स्वतः गोष्टी सांगणार आहेत. वर्षानं तरी विचारलं, थोडं भरून ठेवलं का? मी म्हटलं, आता काय गरज आहे?

दवाखाना

त्या शहराचं वर्णन करण्यासारखं मी काही पाहिलं नाही. दवाखान्याचा जिना पाहिला, चहाची टपरी पाहिली, आणि लोखंडी बाकावर बसून झोपलेले दुसऱ्यांचे नातेवाईक पाहिले. ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली, डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा अक्का त्यांच्या पाया पडायला गेली आणि ते बिचारे संकोचून मागे सरले.

दाजींना आम्हाला भेटू दिलं तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती आणि गळ्याच्या मधोमध एक भोक, त्यालाही नळी. अक्का चहा आणायला खाली गेली होती. दाजींनी मला ओळखलं. डोळ्यांनी हसले आणि बोटानं जवळ बोलावलं. मी वाकून कान त्यांच्या तोंडाशी नेला.

ओठ हलत होते, ते माझ्या कानाला लागत होते. पण ऐकू काही येत नव्हतं.

"पुन्हा," मी म्हटलं. ओठ पुन्हा हलले. काही नाही. शेजारच्या खाटेवरच्या यंत्राची टकटक होती, तीच. दाजींनी भुवया आवळल्या. मग हळूच हात उचलला आणि तळवा आपल्याच तोंडासमोर धरला. फुंकर मारताना धरतो तसा. बराच वेळ धरला. मग तो हात खाली, गळ्यातल्या भोकासमोर नेला. तिथे त्यांचा श्वास येत-जात होता. मग परत तोंडासमोर आणला. मग माझ्याकडे पाहिलं.

बाहेर जाऊन मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की कुजबुजायलासुद्धा छातीतली हवा तोंडात यावी लागते, आणि आता हवा गळ्यातूनच बाहेर जाते. पुढे यंत्र असतं, काही दिवसांनी शिकवतात, त्यातून बोलता येतं, पण तो आवाज वेगळा असतो. हे आधीही सांगितलं होतं, ते म्हणाले. सांगितलं असेलच. आम्ही 'आवाज' एवढाच शब्द ऐकला होता, आणि कुजबुजीला कुणी आवाज म्हणत नाही. तलावावर माझ्या हातात फोन होता, दाजी बोलत होते, आणि मीच तो खिशात ठेवला. हे मला आता आयुष्यभर पुरेल.

परत आत गेलो तेव्हा अक्का येऊन खाटेशी बसली होती. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. "बोला ना," ती म्हणत होती, "हळूच बोला, कोनी आयकत नाई." दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिनं पदर मागे सारून कान त्यांच्या ओठांशी नेला.

ओठ हलायला लागले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि तिला कळलं तो क्षण मला दिसला. पण तिनं मान वर केली नाही. दाजी बोलत राहिले, बरंच बोलले, मधे थांबले, परत बोलले. ती तशीच वाकून राहिली, पाठ दुखत असेल तरी. शेवटी ओठ थांबले तेव्हा तिनं डोळे पुसले आणि मान हलवली.

"हाव," अक्का म्हणाली. "सांगीन मी लेकराले. सगळं सांगीन."